सॅलडची कोवळी पानं गॅसवर चढवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘सॅलड मिक्स’ म्हणून मिळणारा कोवळ्या पानांचा डबा घरी येतो, त्यातली मूठ-दोन मूठ पानं कशीबशी खाल्ली जातात, बाकीची फ्रिजमध्ये काळी पडतात. एकदा लसूण-मिरची घालून त्यांची परतून भाजी केलीत, तर कढईत हिरवट बुळबुळीत गोळा उरला आणि वर चव कडवट. मग ही पानं शिजवायचीच नसतात का?

शिजवायची असतात. फक्त मेथी-पालकाच्या जुडीला जी वागणूक देतो ती यांना चालत नाही.

आधी गोळा का झाला ते बघू. ही पानं पेरणीनंतर साधारण तीन ते पाच आठवड्यांत कापलेली असतात. शिरा नाजूक, देठात चोथा नाही, आणि आत जवळजवळ सगळं पाणीच. पालकात सुमारे 91 टक्के, लेट्यूसमध्ये 95 टक्क्यांच्या आसपास. जून मेथी कढईत दहा मिनिटं तग धरते ती तिच्या देठांच्या आणि शिरांच्या जोरावर. कोवळ्या पानाला तसा आधार नाही. त्यात आपण सवयीने आधी मीठ घालतो, म्हणजे पाणी सुटतं. मग झाकण ठेवतो, म्हणजे ते पाणी कढईतच राहतं. पान परतलं जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकळतं. कडवटपणाचं कारण वेगळं, त्याकडे येतेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा डबा म्हणजे एक भाजी नव्हे. त्यात चार-पाच वेगवेगळ्या भाज्या आहेत, आणि गॅस पेटवण्याआधी त्या निवडून वेगळ्या करायला हव्यात. फ्रान्सच्या दक्षिणेला, नीसच्या बाजूला, अशी मिसळलेली पानं मेस्क्लं म्हणून विकतात. जुन्या रिवाजात त्यात लेट्यूस, रॉकेट (म्हणजेच अरुगुला), एंडाइव्ह हे कडसर पान आणि चर्व्हिल हा सुवासिक पाला असायचा. तिथे ती कच्चीच खायची, म्हणून एकत्र ठेवली तरी बिघडत नाही. आचेवर मात्र प्रत्येकाचं गणित निराळं. ताट घेऊन बसलात तर पाच मिनिटांचं काम आहे, मेथी निवडण्यापेक्षा कितीतरी कमी.

बेबी पालक आणि बीटची किंवा स्विस चार्डची लालसर देठाची पानं एका बाजूला काढा. ही सगळ्यात सोयीची, कुठेही खपतात. एक गोष्ट ध्यानात असू द्या: आपण मंडईतून जुडीने आणतो तो पालक बहुतेक वेळा बीटच्या जातीतला असतो, आणि डब्यातला बेबी पालक हा विलायती पालक, झाडच वेगळं. म्हणून जुडीच्या पालकाची पाककृती जशीच्या तशी उचलली तर वेळ जुळत नाही. जुडीचा पालक पाच मिनिटं मागतो, याला अर्धं मिनिट पुष्कळ झालं.

दुसऱ्या बाजूला तिखट पानं: रॉकेट, मिझुना, लाल मोहरीची पानं, क्वचित तातसोई. ही सगळी मोहरीच्या कुळातली, म्हणजे आपल्या मुळ्याच्या पाल्याचे भाऊबंद. रॉकेटला तर परदेशी म्हणायचंही कारण नाही. राजस्थान-हरियाणाकडे तेच तारामिरा म्हणून तेलबियांसाठी पेरतात. या पानांचा झणका पानात आयता भरलेला नसतो. पान चिरलं, चुरडलं किंवा चावलं की आत वेगवेगळी ठेवलेली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तेव्हा तो तयार होतो. मोहरी फेसताना नाकात जातो तोच हा प्रकार. त्यातलं एक द्रव्य एन्झाइम आहे आणि ते उष्णतेने निकामी होतं. म्हणून अख्खं रॉकेट उकळत्या रश्शात टाकलं की ते मवाळ, जवळपास पालकासारखं होतं; चिरून, दोन-तीन मिनिटं तसंच ठेवून, मग गॅस बंद केल्यावर घातलं तर झणका आधीच तयार झालेला असतो आणि ताटात पोचेपर्यंत थोडाफार टिकतो. घरात लहान मुलं असतील तर पहिला मार्ग, पिठल्याबरोबर खाणारी मंडळी असतील तर दुसरा.

तिसऱ्या बाजूला कडू पानं. रॅडिकिओची जांभळी-पांढरी पानं, कुरळी एंडाइव्ह. तुमच्या भाजीतला कडवटपणा बहुधा यांचा. हा कडूपणा आचेने जात नाही. तो पाण्यात उतरतो आणि मिठाने दबतो, बस. कारल्याला मीठ चोळून पिळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. थोडीच असतील तर बारीक चिरून गूळ-चिंचेच्या आमटीत जाऊ द्या. जास्त असतील तर लोखंडी तव्यावर तेलाचं बोट फिरवून, मोठ्या आचेवर कडा करपेपर्यंत भाजा आणि वरून मीठ व लिंबू. मला स्वतःला ही पानं फारशी आवडत नाहीत, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

उरलं लेट्यूस. सगळ्यात मोठा गैरसमज याच्याबद्दल, की ते शिजवत नाहीत. फ्रेंच लोक कोवळे मटार लेट्यूसच्या पानांत, लहान कांदे आणि लोण्याबरोबर मंद शिजवतात. पानांतून सुटलेल्या पाण्यातच मटार शिजतो. दक्षिण चीनमधल्या कँटनी स्वयंपाकात लेट्यूस उकळत्या पाण्यातून काढून वर ऑयस्टर सॉस ओततात. आपल्याकडे मटारची उसळ करताना, मटार जवळपास शिजला की मूठभर हिरवं लेट्यूस हाताने फाडून घालून बघा. उसळीला रस येतो, पाणी वेगळं घालावं लागत नाही. लाल लेट्यूस मात्र यात नको. त्याचा लाल रंग शिजल्यावर मळकट होतो. बीटच्या पानाचं उलट, त्याचा रंग रश्शात उतरतो आणि अख्खं वरण गुलाबी होतं. काहींना ते आवडतं.

आता प्रत्यक्ष करायचं काय.

पहिला आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पानं शिजवूच नका, शिजलेल्या पदार्थाच्या वाफेवर सोडा. मुगाच्या डाळीची आसट खिचडी तयार झाली की ताटलीत आधी बेबी पालक पसरा, त्यावर गरम खिचडी वाढा, वर तूप. दोन मिनिटांत पानं मलूल होतात, हिरवीगार राहतात, आणि पाणी सुटलंच तर ते खिचडीत जिरतं. साध्या वरणाचंही तसंच. पातेलं उतरवा, उकळी बसू द्या, मग पानं घाला, एकदा ढवळा आणि झाकण न ठेवता ताटात वाढा. माणशी एक मोठी मूठ धरा. दिसायला खूप दिसते, पण वरणात पडली की चमचाभर होते. 100 ग्रॅमचा डबा चार माणसांच्या वरणात सहज संपतो.

झाकण न ठेवण्याला कारण आहे. हिरवा रंग आंबटाला फार भितो. पानं तापली की त्यांच्यातली थोडी आम्लं वाफेबरोबर बाहेर पडतात; झाकण असेल तर तीच पुन्हा पदार्थात ठिबकतात आणि हिरव्याचा शेवाळी तपकिरी होतो. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटोचंही तेच. वरणात लिंबू पिळायचंच असेल तर ताटात पिळा. रंग टिकावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालायची युक्ती काही जण सांगतात. रंग खरंच टिकतो, पण पान विरघळून जातं, कोवळं तर हमखास.

दुसरा उपाय वरून फोडणीचा, आणि यात आपला स्वयंपाक कुणाहून मागे नाही. फ्रान्समधल्या ल्याँ शहराची एक प्रसिद्ध सॅलड आहे: कुरळी एंडाइव्ह, त्यावर तळलेल्या बेकनची गरम चरबी आणि व्हिनेगर, वर अर्धकच्चं उकडलेलं अंडं. पान कच्चं, पण गरम चरबीने जरासं दबलेलं. आपली फोडणी नेमकं हेच करते. रुंद भांड्यात तिखट पानं घ्या, त्यावर ओलं खोबरं किंवा भिजवलेली मुगाची डाळ पसरा. लोखंडी पळीत दोन चमचे तेल कडक तापवून मोहरी, हिंग, सुकी मिरची. मोहरी तडतडून थांबली की पळी थेट पानांवर. ‘चर्र’ असा आवाज आला पाहिजे. लगेच उलटीपालटी करा, मग मीठ, मग लिंबू, आणि तडक ताटात. मुगाच्या डाळीची कोशिंबीर आपण करतोच, त्यात कोथिंबिरीची जागा रॉकेटने घेतली इतकंच. फोडणीत हळद मात्र टाळा, पानांवर पिवळे डाग दिसतात.

तिसरा उपाय माझ्या मते या डब्याचा सगळ्यात चांगला उपयोग, आणि तो मराठवाड्यात, सोलापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे: घोळाणा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मेथीची, करडईची किंवा हरभऱ्याची कोवळी पानं कच्चीच, कांदा, शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल घालून कालवायची आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची. ज्या घरात ‘सॅलड कुणी खात नाही’ असं म्हणतात, त्याच घरात घोळाण्याची परात बघता बघता रिकामी होते. रॉकेट आणि मिझुना जणू घोळाण्यासाठीच जन्माला आलेत. बेबी पालक चालतो पण मिळमिळीत लागतो, त्यात थोडी मुळ्याची कोवळी पानं मिसळा. लेट्यूस नको, पाणी पाणी होतं.

करायची रीत जरा नीट सांगते, कारण क्रम चुकला की फसतो. पानं पूर्ण कोरडी हवीत. हातात घेऊन झटकली तर थेंब उडता कामा नये. एक मध्यम कांदा बुक्कीने फोडा किंवा जाडसर चिरा, त्यावर मीठ आणि लाल तिखट घालून बोटांनी चुरडा. मीठ कांद्याला लागलं पाहिजे, पानांना नाही. कांद्याला पाणी सुटेल, त्यात दोन मोठे चमचे भरड दाण्याचं कूट घाला. ते पाणी कूट पिऊन घेईल आणि ओलसर भुगा तयार होईल. आता पानं, चिरायची नाहीत, फार तर लांब देठ हाताने तोडा. सगळ्यात शेवटी चमचा-दीड चमचा करडईचं किंवा शेंगदाण्याचं घाण्याचं तेल वरून फिरवा आणि बोटं पसरून खालून वर, दोन-तीनदाच. मुठीने दाबायचं नाही. तेल शेवटी का, तर पानावर मेणचट थर असतो, पाणी त्यावरून घरंगळतं पण तेल त्यात शिरतं आणि पान लवकर मलूल करतं. व्हिनेगर-लिंबापेक्षा तेलानेच सॅलड आधी बसतं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. दोन पानं घेऊन, एकावर पाण्याचा आणि एकावर तेलाचा थेंब टाकून ठेवा, कळेल. घोळाणा भाकरी तव्यावर फुगत असताना कालवायचा. आधी करून ठेवायचा पदार्थच नव्हे तो.

मासे खाणाऱ्यांसाठी याचाच चुलतभाऊ. सुका जवळा निवडून, कोरडा खमंग भाजून घ्या, त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, ओलं खोबरं, लिंबू, आणि एरवी कोथिंबीर घालता तिथे दुप्पट रॉकेट. जवळ्याचा खारटपणा आणि रॉकेटचा झणका यांचं फार छान जमतं. मीठ चाखूनच घाला.

अंड्याबरोबर ही पानं कधीच फसत नाहीत. ऑम्लेट तव्यावर जमत आलं, वरचा भाग अजून ओलसर आहे, तेव्हा अर्ध्यावर पानं ठेवा, घडी घाला आणि गॅस बंद. फेटलेल्या अंड्यात पानं मिसळू नका. मग तेच पाणी सुटायचं आणि ऑम्लेट चिरफाळायचं. थालिपिठात घालायची असतील तर भाजणी आधी घट्ट भिजवून ठेवा आणि पानं थापायच्या वेळी मिसळा, एका थालिपिठापुरती. आधीच सगळ्या पिठात मिसळलीत तर शेवटच्या थालिपिठाला पीठ सैल झालेलं असेल. धिरड्यावर वरून भुरभुरली की झालं.

इटलीत रॉकेट पिझ्झावर भट्टीतून काढल्यावरच घालतात, आत नाही, यावरून कोवळ्या पानाला आच किती कमी लागते याची कल्पना येईल. पण त्याच देशाच्या दक्षिणेला, पुल्यात, रॉकेट पास्त्याबरोबर उकळतातही. फरक असा की ते जरा जून, रानटी, जाड पान असतं. कोवळं तिथे टिकणार नाही. जपानमध्ये मिझुना ही क्योतोकडची जुनी पालेभाजी. ती जेवणाच्या टेबलावर उकळत असलेल्या रश्शात अगदी शेवटी घालतात आणि देठ करकरीत असतानाच उचलून खातात. मी ती पांढऱ्या रश्शाच्या वाटीत घालते. कोल्हापूरकरांनी रागावू नये, एकदा खाऊन बघावं.

जुडीसारखी परतूनच हवी असेल, तर त्याचीही रीत आहे. कढई सगळ्यात मोठी, आच पूर्ण, तेलात लसूण गुलाबी होऊ द्या, मग पानं एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त नाही. चिमट्याने उलटा, वीस सेकंदांत खाली ताटात काढा, मग पुढच्या मुठी. मीठ ताटात. चीनमध्ये मटारचे कोवळे शेंडे असेच करतात, आणि ते शेंडे तुम्हाला मिळाले तर जरूर करा. ते या डब्यातल्या कुठल्याही पानापेक्षा आचेला जास्त धीराचे असतात. हरभऱ्याचे खुडलेले शेंडेही असे परतून सुंदर लागतात, फक्त त्यांना स्वतःचा आंबटपणा असतो, म्हणून लिंबू नको.

महागडा डबाच आणायला हवा असंही नाही. मुंबईत गुच्छांनी मिळणारी समुद्रमेथी हे कोवळ्या पानाचं उत्तम उदाहरण आहे, तळहाताएवढ्या जुड्या, मुळांसकट, वाळूसकट. मुळं कापून टाका, उरलेली अख्खी वापरा. कोलंबीबरोबर तर शेवटच्या मिनिटाला. पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारी घोळ आपण डाळ घालून शिजवतो, तीच लेबनॉनकडे फत्तूश नावाच्या सॅलडमध्ये कच्ची पडते. मांसल, किंचित आंबट पान, घोळाण्यात छान. आणि बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणलेले अळीव उरले असतील तर ओल्या कापसावर किंवा मातीच्या परळात पातळ पसरून द्या. आठवड्याभरात बोटभर उंचीची तिखट रोपं येतात. इंग्रज लोक उकडलेल्या अंड्याच्या सँडविचमध्ये हीच घालतात. कात्रीने कापा, ब्रेडला लोणी लावा, वरून मिरपूड.

रॉकेट घरी लावायचं तर पुण्याच्या हवेत दिवाळीनंतर पेरा. उन्हाळ्यात ते पटकन फुलावर येतं आणि पान इतकं तिखट-कडू होतं की वरणातच घालावं लागतं. जमिनीपासून इंचभर वर कापलं तर पुन्हा फुटतं.

धुण्याबद्दल. डब्यावर ‘धुतलेली’ असं लिहिलेलं असलं तरी कच्ची खायची असतील तर मी पुन्हा धुते, पावसाळ्यात तर नक्कीच. खोल पातेल्यात भरपूर गार पाणी, पानं सोडून हलकेच हलवा, दोन मिनिटं थांबा, आणि पानं हाताने वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत ओतू नका, खाली बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करा, मग सुती पंचावर पसरा आणि पंचाची सैल गुंडाळी करून झटका. घरात कुणी गरोदर असेल, आजारातून उठलेलं असेल, तर कच्चं टाळून वरणाचा मार्ग धरा, आणि त्यांच्यापुरती पानं उकळत्या वरणात मिनिटभर शिजवूनच वाढा. रंग गेला तरी चालेल.

ठेवताना न धुता ठेवा. डबा आणल्या दिवशीच उघडून काळी, चिकट पानं वेचून फेका, एक सडकं पान बाकीच्यांना घेऊन बसतं. तळाला आणि वर कोरडा टिश्यू पेपर. फ्रिजच्या अगदी मागे ढकलू नका, तिथे पानं गोठतात आणि बाहेर काढली की पाणी होतात. केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो शेजारी नकोत. त्यांतून निघणाऱ्या वायूने लेट्यूसवर तपकिरी ठिपके पडतात. इतकं केलंत तरी तीन-चार दिवसांपलीकडे भरवसा धरू नका.

मलूल झालेली पण वासाला चांगली पानं बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, बरीचशी पुन्हा ताठ होतात. नाही झाली तर भाजलेले दाणे, लसूण, हिरवी मिरची आणि मीठ खलबत्त्यात जाडसर कुटून घ्या, पानं शेवटी घालून चार ठोके द्या आणि वर चमचाभर तेल. मिक्सरमध्ये फार फिरवलं तर रॉकेट कडू होतं. ही चटणी त्याच दिवशी संपवा. चिकट झालेली, आंबूस वास येणारी पानं मात्र धुऊन वाचवायच्या भानगडीत पडू नका, ती सरळ कुंडीत टाका.